खळ्याच्या जागेवरचा विजय

मला एक खळं हवं होतं. थीब्ज शहराला सगळा ग्रीस हवा होता. दोन्ही इच्छा आपापल्या जागी रास्तच होत्या. पण दोघांनी नेमकी एकच जागा हेरून ठेवली आणि ती माझ्या शेतात निघाली.

माझं शेत कोतिला गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर आहे. त्यात सातू येतो, दगड येतात आणि हिवाळ्यात पाऊस बरा झाला तर सातू दगडांपेक्षा थोडा जास्त येतो. शेताच्या माथ्यावर मात्र एक सपाट तुकडा आहे. तीस पावलं लांब, तीस पावलं रुंद, खाली कातळ, आणि ऐन उन्हाळ्यात दुपार कलली की उत्तरेकडून असा वारा सुटतो की टोपी धरून बसावं. देवांनी ही जागा खळ्यासाठीच केली आहे, असं माझे वडील म्हणत. त्यांनी खळं केलं नाही. ते नुसतं म्हणत.

त्यामुळे आमची मळणी माझ्या मेहुण्याच्या खळ्यावर होई. पागोंदास हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तसा मनाने चांगला, पण स्वतःच्या खळ्यावर उभा राहिला की त्याचा आवाज बदलायचा. आधी त्याची मळणी, मग त्याच्या सासऱ्याची, मग सासऱ्याच्या शेजाऱ्यांची. मी पेंढ्यांवर बसून राहायचो. "दाजी, तुमचं काय, थोडंसंच तर आहे. कधीही उरकेल," असं तो मला येता-जाता सांगायचा. ते 'कधीही' येईपर्यंत वारा पडलेला असे. वाऱ्याशिवाय उफणणी कशी करणार? मी आणि फिलिना सुपं हलवून हलवून हात दुखवून घ्यायचो आणि वर्षभर भुसासकट भाकरी खायचो. पाहुणा जेवताना खोकला की मी म्हणायचो, "हवा बदलली आहे."

ज्या उन्हाळ्यात हे सगळं घडलं, त्या उन्हाळ्यात ल्युक्ट्राची लढाई झाली. त्याआधी तीसेक वर्षं सगळ्या ग्रीसवर स्पार्टाचा दरारा होता. ल्युक्ट्राला थीब्जने स्पार्टाला लोळवलं आणि दरारा थीब्जकडे आला. आमच्या गावात फरक एवढाच पडला की पूर्वी आम्ही दक्षिणेकडे तोंड करून भीत होतो, ते आता पूर्वेकडे तोंड करून भिऊ लागलो.

लढाईनंतर तिसऱ्या दिवशी हरलेल्या फौजेतले वीस स्पार्टन खाण्यापिण्याच्या शोधात माझ्या शेतात चढले. मी त्या वेळी कुठे होतो हे महत्त्वाचं नाही. झुडपात होतो. त्यांना तिथे सातूच्या पेंढ्या दिसल्या नाहीत, कारण त्या रिवाजाप्रमाणे पागोंदासकडे रांगेत पडल्या होत्या. दिसली ती माझी मधमाश्यांची मडकी. सहा मडकी, त्या सपाट तुकड्याच्या कडेला ओळीने मांडलेली. एका वीराने भाल्याच्या बुडाने पहिलं मडकं फोडलं.

स्पार्टाचा माणूस शत्रूला पाठ दाखवत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी मी झुडपातून वीस पाठी मोजल्या. एकाने ढाल टाकली, एकाने चिलखत. एकाच्या शिरस्त्राणात दोन-तीन माश्या शिरल्या होत्या. तो ते डोक्यावरून ओढत आपल्या आईचं नाव घेत होता. त्यांच्या आया मुलांना 'ढाल घेऊन ये, नाहीतर ढालीवरून ये' म्हणून निरोप देतात म्हणे. हा तिसरा प्रकार त्या बायकांनी विचारात घेतला नसावा.

बऱ्याच वेळाने थीब्जचे पन्नास घोडेस्वार आले. त्यांचा म्होरक्या थिओगितोन नावाचा एक तरुण, गोरागोमटा, नवा कोरा झगा घातलेला. त्याने जमिनीवरचं सामान पाहिलं, झुडपातून निघालेल्या मला पाहिलं.

"कोण होते?"

"स्पार्टन, साहेब."

"कुठे गेले?"

"पळाले."

"कशाला घाबरले?"

मी तोंड उघडलं. पण मोठ्या माणसांना उत्तर आधीच ठाऊक असतं.

"आमच्या टापा ऐकल्या असतील!" तो म्हणाला.

मी मान डोलावली. एकदाच, तीही जराशी. आयुष्यात माझी जी जी नुकसानं झाली, ती बोलण्यामुळे कमी आणि मान डोलावल्यामुळे जास्त झाली.

झालं. शत्रूने जिथे पाठ फिरवली, तिथे विजयस्तंभ उभारायचा, अशी आपल्याकडची रीत. माझ्याच बांधावरचा ओक तोडून त्याचा सोट त्या सपाट जागेच्या बरोब्बर मधोमध रोवला. त्याला चिलखत चढवलं, ढाल टांगली, टोकावर ते घोड्याच्या केसांचा तुरा असलेलं शिरस्त्राण बसवलं. माझीच शेळी कापून देवांना दिली आणि देव जेवढं खातात ते सोडून बाकीचं स्वारांनी खाल्लं. थिओगितोनला थीब्जमध्ये पानांचा मुकुट मिळाला, असं मागून कळलं.

हिवाळा लागला तशी फिलिना एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, ऐका. पुढच्या सुगीला माझ्या पेंढ्या माझ्या खळ्यावर पडल्या पाहिजेत. नाहीतर मी भावाकडे जाईन ती पेंढ्या घेऊन नाही, गाठोडं घेऊन."

"त्या जागेवर विजय आहे," मी म्हणालो.

"कुणाचा?"

मी भाकरी मोडून तोंडात घातली.

आता विजयस्तंभाचा कायदा असा आहे. तो देवांचा असतो. त्याला पाडायचं नाही, हलवायचं नाही. आणि तो मोडकळीला आला तर दुरुस्तही करायचा नाही. दगडाचा करायचा नाही, काशाचा करायचा नाही. लाकडाचाच करायचा आणि कुजू द्यायचा. वैर लाकडापेक्षा जास्त टिकू नये, असा जुन्या लोकांचा विचार. विचार थोर आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त त्यांनी ओक का निवडला? अंजिराचं लाकूड काय वाईट होतं?

शेजारचा एम्पेदोन लंगडा आहे. कोणत्याही लढाईचं नाव काढलं की तो तिच्यातच लंगडा झालेला असतो. मी त्याला विचारलं, "ओक किती वर्षं टिकतो रे?"

"चाळीस. बुडाला पाणी मुरलं तर पंचवीस."

"मी एकोणसाठचा आहे."

"मग तू पाणी आजपासूनच घालायला लाग." थोडा विचार करून तो म्हणाला, "नाहीतर बोकड बांध. बोकड खांबाला अंग घासतो. महिनाभरात आडवा करतो बघ. तू हात लावलास? नाही. बोकडाला कायदा ठाऊक आहे? नाही. सुटलास!"

मी बोकड बांधला. बोकडाने महिनाभर खांबाला ढुंकून पाहिलं नाही. एकतिसाव्या दिवशी तो ढालीवर पुढचे पाय टेकून उभा राहिला आणि त्याने शिरस्त्राणावरचा तुरा खाल्ला. दोन दिवस तो आजारी होता. मी जास्त दिवस होतो. देवांच्या मालकीची वस्तू माझ्या बोकडाच्या पोटात होती आणि थीब्जच्या विजयाला भर गावादेखत टक्कल पडलं होतं.

पागोंदास मुद्दाम पाहायला आला. "दाजी, हे आडमार्ग सोडा. सरळ थीब्जला जाऊन अर्ज करा, खांब दुसरीकडे न्या म्हणून. आता आपण त्यांचं दोस्त गाव आहोत."

"दोस्त म्हणून ते आपलं ऐकतील?"

"दोस्त म्हणून आपण त्यांचं ऐकायचं असतं. पण विचारायला काय जातं?"

विचारायला पाय जातात. थीब्ज आमच्याकडून दिवसभराच्या चालीवर आहे. पहिल्या खेपेला कचेरी बंद, कारण विजयोत्सव. पंधरा दिवसांनी गेलो तर दुसऱ्या विजयाचा उत्सव. त्या वर्षी थीब्जला इतके विजय मिळत होते की कचेरी दोन विजयांच्या मधे जी फट उरेल तेवढीच उघडायची. तिसऱ्या खेपेला कारकून सापडला. मेलांतास त्याचं नाव.

"स्तंभ ना? म्हणजे देवांचं काम. ते इथे नाही," तो म्हणाला.

"देवांचं काम कुठे होतं?"

"पण लढाईतला स्तंभ, म्हणजे फौजेचं काम. गाव कुठलं, बाबा?"

"कोतिला."

"मग दोस्त गावांचं काम. ते पलीकडच्या बाकावर."

"तिथे कोण बसतं?"

"मीच. पण उद्या."

एम्पेदोनने सांगितल्याप्रमाणे मी कोपाइसच्या तळ्यातल्या तीन वामी, म्हणजे सापासारखे लांब मासे, नेल्या होत्या, ओल्या गवताच्या टोपलीत, जिवंत. थीब्जचा माणूस वामेपुढे विरघळतो, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. मेलांतासने टोपलीचं झाकण प्रेमाने उघडलं आणि तिन्ही वामी त्याच्या बाकावर उतरून मेणाच्या पाट्यांवरून सळसळत निघाल्या. दोन सापडल्या. तिसरी कोरिंथच्या तहाच्या पाट्यांखाली गेली ती बहुधा अजून तिथेच असावी. पण तेवढ्या दोन वामींवर तो पलीकडच्या बाकावर त्याच दिवशी जाऊन बसला आणि म्हणाला, "लेखी द्या."

इथे माझ्या हातून खरी चूक झाली. अक्षरं मी अगदी अलीकडे, सत्तावन्नाव्या वर्षी शिकलो होतो. बाहेर लेखनिक बसलेले होते. त्यांच्यापैकी कुणीही दोन ओळींत काम केलं असतं: जागा अडली आहे, कृपा व्हावी. पण नव्याने पोहायला शिकलेला माणूस पाणी पाहून थांबत नाही. मी स्वतः लिहायला बसलो आणि सगळं लिहिलं. सातू, वारा, मेहुणा, भूस. आणि शेवटी, आपला मुद्दा पक्का व्हावा म्हणून लिहिलं की सदर ठिकाणी लढाई झालेलीच नाही, शत्रू माझ्या मधमाश्यांना घाबरून पळाला, सबब स्तंभ तिथे असण्याचं कारण नाही. खाली नाव घातलं. अक्षर बरं आलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचून आनंदात घरी आलो.

दहा दिवसांनी चौकशीला अधिकारी आला. घोड्यावरून उतरताना त्याने झगा सावरला, तेव्हा मी ओळखलं. थिओगितोन. डोक्यावर तोच मुकुट, आता जरा सुकलेला.

तो स्तंभाला एक फेरी मारून आला. ढालीत चिमण्यांनी घरटं केलं होतं. चिलखताचा एक पट्टा तुटून लोंबत होता. त्याने वर पाहिलं.

"तुरा कुठे आहे?"

"वाऱ्याने, साहेब. इथे वारा फार."

बोकड बाजूलाच उभा होता. त्याने त्या वेळी ढेकर द्यायला नको होता.

"आणि हे मधमाश्यांचं काय आहे?" थिओगितोन मऊ आवाजात म्हणाला. "म्हणजे मुकुट माश्यांना द्यायला हवा होता, असं तुझं म्हणणं?"

"तसं नाही, साहेब. माश्या आपल्याच. दोस्त गावच्या."

त्याला हसू आलं नाही. तो स्वारांकडे वळला. "लाकूड आहे म्हणून लोकांना असं काहीबाही सुचतं. हा स्तंभ काशाचा करायचा. खाली दगडी चौथरा. तीस पावलं बाय तीस पावलं, पुरुषभर उंच. थीब्जचा विजय कसा कायमचा दिसला पाहिजे!"

ते मोजून गेले. मी तिथेच खाली बसलो. मी एक खुंटा हलवायला गेलो होतो आणि त्याचा डोंगर करून आलो होतो. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एम्पेदोन म्हणाला, "मी तुला बोकडापर्यंतच सांगितलं होतं हां. अर्जाचं माझ्याकडे नाही." पागोंदासने आपल्या खळ्यावर मला एक जागा राखून ठेवल्याचा निरोप धाडला. शेवटची. आणि फिलिनाने कोपऱ्यातलं गाठोड्याचं फडकं धुऊन वाळत घातलं. अगदी दारासमोरच.

वसंतात आशेला जागा झाली. तहाच्या बोलण्यांसाठी स्पार्टाचा वकील थीब्जला आला होता. कोतिलाला काशाचा स्तंभ होणार हे ऐकून त्याने हरकत घेतली: कायमचा स्तंभ रीतीला सोडून आहे. सुनावणी ठरली आणि साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं. मी हिशेब केला की स्पार्टाला हरल्याची लाज. तर हा वकील माझ्या माश्यांना मिठीच मारेल! 'आमच्यावर थीब्जने नाही, माश्यांनी मात केली' एवढं म्हटलं की स्तंभ संपला.

सभेत एका बाजूला थिओगितोन, दुसऱ्या बाजूला स्पार्टाचा वकील. लाल अंगरखा, लांब दाढी, चेहरा भिंतीसारखा. मधे तीन म्हातारे पंच. कुणीतरी पंचांपुढे मधातल्या वड्या ठेवल्या होत्या. मी माझी हकीकत सांगितली. मान न डोलावता, न अडखळता, मडक्यांच्या संख्येसकट.

तेवढ्यात एक माशी वड्यांवर घोंघावत आली आणि वळून वकिलाच्या कानाशी गेली. वकील पाठ फिरवून जागेवरून हातभर उडाला. लगेच सावरून बसला. पण मी पाहिलं. ती पाठ मी ओळखली. मी ती एकदा मोजली होती.

पंचांनी विचारलं, "स्पार्टाच्या वकिलांनी सांगावं. तुमची माणसं त्या दिवशी कुणाला घाबरून पळाली?"

वकिलाने अंगरखा सावरला. तो माझ्याकडे पाहत होता.

"थीब्जला," तो म्हणाला.

थिओगितोनने त्याच्याकडे असं पाहिलं की सख्ख्या भावाकडे कुणी पाहणार नाही. दोन शहरं पिढ्यान्पिढ्या एकमेकांचे गळे कापत आली होती. त्यांचं पहिलं एकमत माझ्याविरुद्ध झालं.

उरला वाद फक्त काशाचा आणि दगडाचा. वकील म्हणाला, "स्तंभ लाकडाचा. कुजेल तेव्हा कुजेल." थिओगितोन म्हणाला, "मग निदान जमीन तरी दगडी!" वकिलाने खांदे उडवले. "जमीन कुणाला जिंकत नाही." पंचांना जेवायची घाई होती. हुकूम लिहून माझ्या हातात दिला आणि मला स्तंभाचा रखवालदार नेमलं. बिनपगारी.

घरी आलो तेव्हा फिलिना दारात होती. गाठोडं भरून तयार होतं, गाठ मात्र अजून मारलेली नव्हती.

"गेली जागा," मी म्हणालो. "कायमची."

"वाचा तरी काय लिहिलंय."

मी रडक्या आवाजात वाचलं. "स्तंभ आहे तिथेच, लाकडाचाच राहील. त्याच्याभोवती तीस पावलं रुंदीची गोल जागा सपाट करून फरसबंद करावी. हे काम कोतिलाच्या सर्व पुरुषांनी सुगीच्या आत पुरं करावं. जागेवर गवत, खडा, माती राहू नये. रोज झाडावी. वारा अडेल असं झाड किंवा भिंत जवळ नसावी, म्हणजे स्तंभ लांबून दिसेल."

"पुन्हा वाचा. गोल?"

"गोल."

"सपाट? फरसबंद?"

"हो."

"वाऱ्यावर? आणि मधोमध लाकडाचा खांब?"

"तेच तर सांगतोय मी!"

ती गाठोड्यावरच बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "अहो, अक्षरं शिकलात. वाचायला कधी शिकणार? खळ्याच्या मधोमध तिवडा लागत नाही का बैल बांधायला?"

सगळं गाव महिनाभर राबलं. हुकूमच होता. पागोंदास खांद्यावर फरशी घेऊन चढ चढत आला, तेव्हा मी स्तंभाच्या सावलीत बसलो होतो. रखवालदाराने बसायचं असतं.

"दाजी, हे जरा जास्तच उंचावर नाही का?" तो धापा टाकत म्हणाला.

"विजय उंचावरच असतो, पागोंदास. ती फरशी जरा डावीकडे घे."

विजयाला वर्ष झालं त्या दिवशी थिओगितोन हार घेऊन आला. आम्हाला त्याच्या येण्याची कल्पना नव्हती. स्तंभाला दोर बांधून चार बैलांची पात सातूवरून गरागरा फिरत होती. वर टकलं शिरस्त्राण, खाली भुसाचा धुरळा.  मान डोलवावी, तर कशाला डोलवावी तेही कळेना.

फिलिना सूप खाली ठेवून पुढे झाली. "साहेब, आमच्याकडे या दिवशी बैलसुद्धा प्रदक्षिणा घालतात."

तो पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्थात भूसही उडत होतं. "किती प्रदक्षिणा?" त्याने विचारलं.

"मोजत नाही हो. अंधार पडेपर्यंत."

त्याने हार एका बैलाच्या गळ्यात घातला आणि थीब्जला जाऊन कोतिलाच्या निष्ठेबद्दल भाषण केलं, असं ऐकलं. बैलाने हार वाटेत खाल्ला. त्या वर्षी आमच्या घरी पाहुणे खोकले नाहीत. आणि पुढच्या सुगीपासून पागोंदास आपल्या पेंढ्या आमच्याकडे आणू लागला, कारण वारा शेवटी माथ्यावरच असतो. मी त्याला रांगेत उभं करून प्रेमाने सांगत असे, "तुझं काय, थोडंसंच तर आहे."

थीब्जचा दरारा नऊ वर्षं टिकला. दक्षिणेत मांटिनेआला एक शेवटची मोठी लढाई झाली, तिच्यात दोन्ही बाजूंनी आपापला विजयस्तंभ उभारला आणि दोन्ही बाजू हरल्यासारख्या घरी गेल्या. त्याच सुगीत, दोराने घासून घासून बारीक झालेला आमचा खांब कडकन मोडला. शिरस्त्राण गडगडत जाऊन सातूत पडलं. बैल थांबले. माणसंही थांबली. देवांची वस्तू मोडली होती. मी रखवालदार, मी त्याच रात्री निघून थीब्जला कबुली द्यायला गेलो. मेलांतास त्याच बाकावर होता, दातांनी आणि केसांनी कमी झालेला.

"स्तंभ पडला," मी म्हणालो.

"कुठला स्तंभ?" त्याने विचारलं. त्याने पाट्या उलथ्यापालथ्या केल्या, पलीकडच्या बाकावरही पाहून आला. कोतिलाची नोंद सापडली नाही. थिओगितोनची पण नाही. "वाम आणलीत का, बाबा?" तो म्हणाला.

परत येऊन मी नवा तिवडा रोवला. या खेपेला अंजिराचा, दर दोन-तीन वर्षांनी बदलता येतो. जुनी ढाल आणि ते शिरस्त्राण त्याला तसंच अडकवून ठेवलं आहे, पाखरं बिचकतात.

वाट माथ्यावरून जाते, त्यामुळे येणारे-जाणारे सैनिक थांबतात. कधी अथेन्सचे, कधी स्पार्टाचे, अलीकडे उत्तरेकडचे, जाड उच्चाराचे कुणीकुणी. ढालीकडे पाहून विचारतात, "आजोबा, इथे कोण जिंकलं होतं?"

मी आधी त्यांना पाणी देतो. मग अदबीने विचारतो, "आपलं गाव कुठलं?" ते कळलं की मग मी इतिहास सांगतो.

फिलिना मात्र सुपातून मानही वर न काढता सगळ्यांना एकच सांगते, "माश्या." आणि आजवर एकाही माणसाने तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही.